उसाची राख, चुना आणि काळी माती: गावरस्त्याचा पाया असा बांधा

काळ्या रानातून जाणारा पाणंद रस्ता खचतो तो बहुतेक वेळा खालून. उन्हाळ्यात त्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, मृगाचे दोन पाऊस झाले की तीच माती फुगते आणि ट्रॅक्टरचं चाक आसापर्यंत आत घेते. वर मुरूम टाकला तर तो एका पावसाळ्यात चिखलात गडप होतो. पुढच्या वर्षी पुन्हा मुरूम. असं करत करत काही गावांनी एकाच रस्त्यात अख्खी टेकडी गाडली आहे.

आणि त्याच गावापासून पाच-दहा किलोमीटरवर साखर कारखान्याच्या बॉयलरमागे राखेचा डोंगर उभा असतो. विदर्भात, परळीत, भुसावळला तो औष्णिक केंद्राच्या राखेचा असतो. कोल्हापूरला फाउंड्रीबाहेर काळ्या वाळूचा. भंडारा-गोंदियात भातगिरणीमागे तुसाच्या राखेचा. हा माल रस्त्यात वापरता येतो, भारतात आणि बाहेरही वापरला गेला आहे. पण ‘आपल्याकडे राख पडून आहे, ती रस्त्यात जिरवू’ या विचाराने सुरुवात केली की काम फसतं. आधी मातीचं दुखणं ओळखायचं, त्याला काय लागेल ते ठरवायचं आणि मग जवळच्या ढिगात ते आहे का हे बघायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने आहेत. नव्याने रुजू झालेले कनिष्ठ अभियंते, असं काम पहिल्यांदा घेणारे छोटे कंत्राटदार आणि काम डोळ्यांत तेल घालून बघू इच्छिणारे सरपंच, या तिघांना समोर ठेवून लिहितोय.

पायरी १: माती तपासा, आणि तिच्यात क्षार आहेत का ते बघा

वरचा १५० मिलिमीटरचा थर, म्हणजे मुळं, पाचट, शेणखत मिसळलेली माती, बाजूला काढा. तिचा रस्त्याला उपयोग नाही. त्याखालची माती रस्त्याच्या लांबीवर तीन-चार ठिकाणांहून घ्या. जिथे मातीचा रंग बदलतो, ओढा लागतो किंवा विहिरीचा मलबा टाकलेला दिसतो, तिथला नमुना वेगळा ठेवा.

पहिली चाचणी मुक्त फुगवट्याची. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली, भट्टीत वाळवलेली माती १०-१० ग्रॅम घ्या आणि १०० मिलिलिटरच्या दोन मोजनळ्यांत टाका. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून ते तुलनेला. २४ तासांनी दोन्हीकडे तळाशी बसलेल्या मातीचं आकारमान वाचा. रॉकेलमध्ये १० आणि पाण्यात १७ मिलिलिटर आलं तर फुगवटा ७० टक्के. ५० टक्क्यांच्या वर गेलेली माती महामार्गाच्या तपशिलांनुसार भरावालासुद्धा चालत नाही. गावरस्त्यावर मात्र दुसरी माती आणायची कुठून हा प्रश्न असतो, आणि म्हणूनच चुना-राखेचा विचार करायचा.

त्यानंतर द्रव सीमा आणि सुघट्यता निर्देशांक (माती किती पाण्याला पातळ होते आणि किती चिकट आहे), प्रॉक्टर (किती पाण्यात माती सर्वांत घट्ट दबते) आणि चार दिवस पाण्यात भिजवून घेतलेला सीबीआर (माती किती भार पेलते याचा टक्क्यांतला आकडा). काळ्या मातीचा भिजलेला सीबीआर बहुधा २ ते ४ टक्क्यांच्या आसपास येतो. ग्रामीण रस्त्यांच्या आयआरसी:एसपी:७२ या पुस्तिकेत २ टक्क्यांची जमीन ‘अत्यंत कमकुवत’ आणि ३-४ ची ‘कमकुवत’ धरली आहे. ही पुस्तिका जवळ ठेवाच, जाडी ठरवताना तीच लागेल. (आयआरसी म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेस. ही संस्था १९३४ साली उभी राहिली ती १९२७ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून, आणि त्या समितीचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर.)

आता जी चाचणी बहुतेक जण गाळतात ती. मातीतलं सल्फेट आणि सेंद्रिय द्रव्य. सल्फेट ०.२ टक्क्यांच्या वर किंवा सेंद्रिय द्रव्य २ टक्क्यांच्या वर असेल तर चुन्याच्या नादी लागू नका. सल्फेट, चुना, चिकणमातीतलं ॲल्युमिना आणि पाणी एकत्र आलं की एटरिंगाइट नावाचे स्फटिक तयार होतात आणि ते थर आतून फुगवतात. म्हणजे माती फुगू नये म्हणून चुना घातला आणि चुन्यामुळेच रस्ता फुगला. कृष्णा-पंचगंगेच्या काठावर, शिरोळ तालुक्यासारख्या भागात अतिपाण्याने क्षारपड झालेली हजारो एकर जमीन आहे. तिथून रस्ता जात असेल तर ही चाचणी आधी, बाकी सगळं नंतर. जमिनीवर क्षारांची पांढरी पूड आलेली दिसली तर चाचणीशिवाय पुढे जाऊच नका.

पायरी २: वाहनं मोजा, पण उसाच्या दिवसांत

श्रावणात रस्त्यावर उभं राहून वाहनं मोजली तर दुचाकी, दुधाची गाडी आणि एसटी एवढंच हाती लागेल. तोच रस्ता डिसेंबरात बघा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस चालू असतात. त्यामुळे गणना तोडणीच्या हंगामात एकदा आणि हंगाम नसताना एकदा, अशी दोनदा करायची. एसपी:७२ मध्ये हंगामी वाढ वर्षभरावर पसरवून सरासरी काढायची रीत दिली आहे. ती वापरा, पण मनात हेही ठेवा की रस्ता सरासरी वजनाने तुटत नाही, भरलेल्या ट्रॉलीने तुटतो.

पायरी ३: ढीग ओळखायला शिका

इथे थोडं थांबतो, कारण ‘राख’ या एका शब्दाखाली चार वेगळे माल खपवले जातात.

औष्णिक केंद्राची राख. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस, भुसावळ, एकलहरे, परळी, मौदा, सोलापूर ही आपली ठिकाणं. चिमणीआधीच्या यंत्रणेतून कोरडी पकडलेली उडती राख बारीक आणि चुन्याशी लवकर जुळणारी. राख-तलावातली ओली राख भरड, कमी क्रियाशील, पण भरावाला छान. आपल्याकडच्या दगडी कोळशाच्या राखेत स्वतःचा चुना फार थोडा, त्यामुळे ती एकटी घट्ट होत नाही, सोबत चुना किंवा सिमेंट लागतंच. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार अशा केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या रस्तेबांधणीत राख वापरणं बंधनकारक आहे, मात्र केंद्राने ती कामावर मोफत, वाहतूक खर्चासह पोहोचवली तर. केंद्राची राख इतरत्र खपत असेल तर दर आपसात ठरतो. म्हणून अंदाजपत्रकात वाहतूक शून्य धरण्याआधी केंद्राच्या राख विभागाकडून लेखी पत्र घ्या. तोंडी आश्वासनावर ट्रक येत नाहीत.

बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राख. पश्चिम महाराष्ट्राचा हा हक्काचा माल. चांगली जळालेली राख करडी असते, सिलिका भरपूर असते आणि चुन्याशी ती नीट जुळते. वाईट जळालेली राख काळी, भुरभुरीत, अर्धवट जळालेल्या तंतूंनी भरलेली असते. बादलीभर पाण्यात ओंजळभर टाकून ढवळा. काळा थर वर तरंगला तर न जळालेला कोळसा जास्त आहे. तो पाणी पितो आणि ताकद देत नाही. नक्की आकडा हवा असेल तर प्रयोगशाळेत भट्टीत जाळून वजनातली घट मोजून घ्या. कोळशाच्या राखेला सिमेंटसोबत वापरण्यासाठी भारतीय मानकात ही घट ५ टक्क्यांपर्यंत मान्य आहे. बगॅसच्या राखेला ते मानक लागू नाही, पण तुलनेला उपयोगी पडतं. १५-२० टक्के घट आली तर तो ढीग सोडून द्या किंवा चाळून बारीक भाग तेवढा घ्या.

एक सावधगिरी: ज्या कारखान्याला डिस्टिलरी आहे तिथे स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, जाळणारा वेगळा बॉयलरही असू शकतो. त्याची राख पोटॅशने भरलेली असते आणि तिच्यातले क्षार पाण्यात विरघळतात. ती खताला जाते, रस्त्याला नको. दोन्ही राखा एकाच आवारात, कधी एकाच ढिगात पडलेल्या असतात. बॉयलर विभागातल्या माणसाला विचारा, गेटवरच्या नको. आणि प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळताना उरणारा गाळ, कुणी ‘हेही घ्या’ म्हणालं तर हात जोडा, ते सगळं सेंद्रिय आहे.

भाताच्या तुसाची राख. नीट जळालेल्या तुसाच्या राखेत सिलिका ८५ टक्क्यांच्याही वर जाते, त्यामुळे चुन्यासोबत ती फार जोरकस. पण हलकी एवढी की ट्रक आकाराने भरतो, वजनाने नाही, आणि वाहतूक महाग पडते. फार तापलेल्या भट्टीतल्या राखेतली सिलिका स्फटिकरूप होते आणि तिची धूळ फुप्फुसाला घातक असते. गिरणी गावातच असेल तर विचार करा, नाहीतर सोडा.

फाउंड्रीची वापरलेली वाळू. शिरोली, गोकुळ शिरगाव भागात भरपूर. तिचे दोन प्रकार. बेंटोनाइट आणि कोळशाची पूड मिसळलेली, आणि रेझिनने बांधलेली. पहिली भरावात आणि उपथरात, म्हणजे खडीखालच्या थरात, भरड मालाची जागा घेऊ शकते. दुसरीतून फिनॉलसारखी रसायनं पाझरू शकतात. तिचा पाझर-तपासणी अहवाल आल्याशिवाय ती विहिरींच्या रानात आणू नका. ही वाळू चुन्याशी जुळत नाही, ती फक्त भरड भाग म्हणून उपयोगी. राखेची जागा तिला देऊ नका.

पोलादाची मळी, म्हणजे स्टील स्लॅग. सुरतजवळ हजिऱ्यात २०२२ मध्ये एक किलोमीटर लांबीचा सहा पदरी रस्ता प्रक्रिया केलेल्या स्लॅगचा झाला, त्यात साधारण एक लाख टन माल गेला. मुंबई-गोवा महामार्गावर रायगड जिल्ह्यात, पनवेल-इंदापूर टप्प्यात, एक किलोमीटरचा तुकडा २०२४ च्या जानेवारीत सुरू झाला. दोन्हीकडे दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचं तंत्र होतं. बातम्या वाचून कुणी थेट कारखान्याबाहेरची ताजी स्लॅग उचलून आणली तर मात्र रस्ता फुगेल, कारण तिच्यातला मोकळा चुना आणि मॅग्नेशिया पाणी लागल्यावर वाढतो. पाणी मारून महिनोन्महिने मुरवलेली, लोखंड काढलेली आणि प्रसरणाची चाचणी झालेली स्लॅगच घ्या. ग्रामीण रस्त्यांसाठी आयआरसी:एसपी:१२१ ही त्यावरची पुस्तिका आहे.

डांबरात शेतीचा भागही आता येऊ लागला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळ मनसरला राष्ट्रीय महामार्ग ४४ वर लिग्निन (पिकांच्या काडीकचऱ्यातून मिळणारं द्रव्य) मिसळलेल्या जैव-डांबराचा एक किलोमीटर तुकडा सुरू झाला. पण ते रिफायनरी आणि मोठ्या कंत्राटांचं काम आहे. गावरस्त्याच्या अभियंत्याने सध्या बघून ठेवावं, एवढंच.

पायरी ४: मिश्रण ठरवा

चुन्याचं किमान प्रमाण पीएच मीटरने अर्ध्या दिवसात कळतं. ४२५ मायक्रॉनखालची माती २०-२० ग्रॅम सहा बाटल्यांत घ्या. त्यांत २ ते ७ टक्के असा चढता चुना आणि प्रत्येकी १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घाला. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट हलवा. तासाभराने पीएच घ्या. ज्या सर्वांत कमी प्रमाणाला पीएच १२.४ ला पोहोचतो, तो तुमचा आरंभबिंदू. त्याहून कमी चुना मातीच नुसता खाऊन टाकते, राखेशी जुळायला काही उरत नाही.

चुना कसा आहे हेही बघा. शुद्धता ७० टक्क्यांच्या खाली नको. उघड्यावर पडलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून पुन्हा खडू होतो. त्याच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की तो जोरात फसफसतो. फसफसणारी गोण परत पाठवा. कळीचा चुना जोरदार, पण हाताळायला धोक्याचा. पहिल्याच कामाला विझवलेला, पुडीचा चुना घ्या.

मग राख. चुना आणि राख यांचं गुणोत्तर साधारण १:२ ते १:४ मध्ये राहतं. चुना ४ टक्के असेल तर राख ८, १२ आणि १५ टक्के, अशा तीन मिश्रणांचे प्रॉक्टर आणि सीबीआर करून घ्या. साचे आधी सात दिवस ओलसर ठेवून पिकवा, मग चार दिवस पाण्यात. जितकी राख जास्त तितका रस्ता चांगला, असं नसतं. एका टप्प्यानंतर ताकद वाढायची थांबते आणि घनता उतरत जाते. उपथराला साधारण २० टक्के भिजलेला सीबीआर मागतात. जे सगळ्यांत स्वस्त मिश्रण तिथे सुखरूप पोहोचतं ते घ्या आणि कामावरच्या ढिलाईसाठी चुना अर्धा-एक टक्का वाढवा.

आता एक गोष्ट जिच्यामुळे कामावर भांडणं होतात. राख मिसळल्यावर मिश्रणाची कमाल घनता मातीपेक्षा कमी येते आणि लागणारं पाणी जास्त. तपासनीस जर नुसत्या मातीच्या प्रॉक्टरशी तुलना करायला बसला तर उत्तम दबाईसुद्धा नापास होईल. मिश्रणाचा स्वतःचा प्रॉक्टर अहवाल कामावरच्या फाइलमध्ये सगळ्यांत वर लावा.

मालाचा हिशेब एकदा हाताने करून बघा. एक किलोमीटर लांब, ६ मीटर रुंद, दाबून २०० मिलिमीटर जाड म्हणजे १२०० घनमीटर. कोरडी घनता घनमीटरला १.६ टन धरली तर १९२० टन. मिश्रणाच्या कोरड्या वजनाच्या ४ टक्के चुना म्हणजे सुमारे ७७ टन, १५ टक्के राख म्हणजे २८८ टन. राखेत २० टक्के ओल असेल तर ट्रकने यायला हवेत ३४६ टन. ही ओल विसरली की राख कमी पडते आणि शेवटच्या दीडशे-पावणेदोनशे मीटरमध्ये रस्ता वेगळाच होतो.

पायरी ५: कागद

थोडक्यात सांगतो. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाची किंवा योजनेच्या तांत्रिक अधिकाऱ्याची मंजुरी हवी. दरसूचीत ही बाब नसेल तर दर-पृथक्करण, म्हणजे दर कसा काढला याची फोड, जोडावं लागतं. मिश्रणाचा अहवाल शासकीय तंत्रनिकेतन, अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेसारख्या ठिकाणचा असला की प्रश्न कमी येतात. औद्योगिक माल असेल तर तो धोकादायक कचऱ्यात मोडत नाही, याचा कारखान्याकडचा कागद आणि पाझर-तपासणी हवीच. मातीस्थिरीकरणासाठी आयआरसी:एसपी:८९ आणि राखेच्या भरावासाठी आयआरसी:एसपी:५८ यांचा उल्लेख प्रस्तावात करा. वरिष्ठांना ‘प्रयोग’ या शब्दाची धास्ती असते, पुस्तिकेचा क्रमांक दिसला की ती कमी होते.

पायरी ६: वेळ साधा

राख मिळते गळीत हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. रस्ता मोकळा होतो तोडणी संपल्यावर. म्हणून राख हंगामात, वीटभट्टीवाल्यांनी उचलण्याआधी, आणून ठेवायची आणि काम मार्च ते एप्रिलअखेरपर्यंत उरकायचं. ढीग ओलसर ठेवून ताडपत्रीने झाका, नाहीतर वारा अर्धी राख शेजारच्या द्राक्षबागेवर नेईल आणि मालक तुमच्या दारात उभा राहील. चुना-राख हळू पिकते. पहिल्या पावसाआधी तिला निदान चार-पाच आठवडे मिळाले पाहिजेत. जूनच्या तोंडावर ‘निधी परत जाईल’ म्हणून चुना ओतण्यापेक्षा त्या वर्षी फक्त गटारं आणि मोऱ्या करा.

पायरी ७: कामावर

आधी पाण्याची वाट. दोन्ही बाजूंना गटार, ओढ्यावर मोरी, आणि पायथर आजूबाजूच्या साचत्या पाण्यापासून निदान ६०० मिलिमीटर वर. यानंतर गावात दवंडी द्या: ज्या कुणाला रस्त्याखालून पाइपलाइन न्यायची आहे त्याने आत्ता सांगावं. दर शंभर-दोनशे मीटरवर मोठ्या व्यासाचे रिकामे पाइप आडवे टाकून ठेवा. हे केलं नाही तर रस्ता झाल्यावर महिन्याभरात कुणीतरी रात्री जेसीबी लावून तो आडवा कापणारच, आणि पिकलेला थर एकदा कापला की पूर्वीसारखा जुळत नाही.

मग ५० ते १०० मीटरचा चाचणी तुकडा. सगळ्या चुका तिथे होऊ द्या.

गावात मिसळायला सगळ्यांत सोयीचं यंत्र म्हणजे ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर. पण तो मातीत १०-१५ सेंटिमीटरच जातो. म्हणून २०० चा थर एकदम करू नका. वरची निम्मी माती बाजूला ओढा, खालचे १०० मिलिमीटर पूर्ण करा, मग वरचे १००. ढेकळं फुटेपर्यंत फिरवा: सगळी माती २६.५ मिलिमीटरच्या आणि ८० टक्के ५.६ मिलिमीटरच्या चाळणीतून जायला हवी. काळी माती हे सहज करू देत नाही. त्यावर उपाय असा की ठरलेल्या चुन्यातला अर्धा आधी टाकून, थोडं पाणी मारून, मिसळून, रोलरने हलकं झाकून एक-दोन दिवस ठेवायचं. चुन्याचा पहिला परिणाम चिकटपणा मोडण्याचा असतो. दुसऱ्या दिवशी तीच माती रव्यासारखी सुटते. मग उरलेला चुना, राख आणि पाणी घालून अखेरचं मिश्रण.

चुना पसरायला जमिनीवर चौकटी आखा. १०० मिलिमीटरच्या थराला दर चौरस मीटरला १६० किलो माल, त्याच्या ४ टक्के म्हणजे ६.४ किलो चुना. ६ मीटर रुंदीला २५ किलोच्या तीन गोण्या दर दोन मीटर लांबीला. गोण्या आधी जागेवर मांडून मोजा आणि मगच फोडा. रिकाम्या गोण्या संध्याकाळी पुन्हा मोजा. हिशेब यातूनच लागतो.

वारा असेल तर चुना उघडू नका. मजुरांना चष्मे, मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट द्या. चपलेत पाय घालून चुन्यात फिरणाऱ्या बायका-माणसांच्या टाचा दोन दिवसांत फुटतात. डोळ्यात चुना गेला तर भरपूर स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवायचं आणि थेट दवाखाना. पाण्याचा स्वच्छ कॅन कामावर वेगळा ठेवा, टँकरच्या पाण्यावर भिस्त ठेवू नका.

अखेरचं मिश्रण झाल्यापासून तीन तासांत दबाई पूर्ण. म्हणून एका वेळी तेवढीच लांबी उघडा जेवढी रोलर पुरी करेल. पाणी बघायला मूठ दाबा: गोळा व्हावा, बोटांना पाणी लागू नये. ८ ते १० टनी रोलर कडेकडून मध्याकडे, प्रत्येक पट्टा आधीच्यावर चढवत. दोन्ही बाजूंना ३ ते ४ टक्के उतार याच थरात आणा, वरच्या थरात उतार ‘काढू’ म्हणणाऱ्यांचा रस्ता तळी साठवतो.

नंतर सात दिवस ओल टिकवायची. यासाठी उसाचं पाचट उत्तम: पसरा, दिवसातून दोन-तीनदा पाणी शिंपडा. पुढचा थर टाकण्याआधी ते झाडून पूर्ण काढा. या सात दिवसांत ट्रॅक्टर नको, बैलगाडीही नको. वळण रस्ता नसेल तर निम्म्या-निम्म्या रुंदीत काम करा.

पायरी ८: झालेलं काम तपासा

घनता कोअर कटरने किंवा वाळू भरण्याच्या पद्धतीने. या थराला हलक्या प्रॉक्टरच्या १०० टक्के हवी, म्हणजे अर्थातच मिश्रणाच्या प्रॉक्टरच्या. चुना खालपर्यंत पोहोचला का, हे बघायला फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण पुरेसं आहे. थराला उभा छेद द्या, फवारा मारा. चुना आहे तिथे माती गडद गुलाबी होते. पट्टे दिसले, खालचे चार-पाच सेंटिमीटर मातीच्याच रंगाचे राहिले तर रोटाव्हेटर पुन्हा फिरवायला हवा होता, आणि हे त्याच तासात कळलं तर अजून उशीर झालेला नसतो. चोपण जमिनीत नुसती मातीही फिकी गुलाबी होऊ शकते, म्हणून चुना न घातलेल्या मातीवर आधी फवारून रंग बघून ठेवा.

या थरावर थेट वाहतूक सोडू नका. चाकांच्या घासणीला तो टिकत नाही, वरून पूड होत जातो. त्यावर खडीचा थर आणि मग मंजुरीप्रमाणे डांबर किंवा काँक्रीट. साइडपट्टीला मुरूम द्या, काळी माती ओढून भरू नका. राखेचा भराव केला असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना चांगल्या मातीचं आवरण लागतं, नाहीतर पहिल्या वळिवात तो धुऊन जातो.

आणि सल्फेटमुळे चुना बाद झालाच तर? तेव्हा चुना-राखेची फाइल बंद करून काथ्याकडे वळा. नारळाच्या काथ्याचं जाळं काळी माती आणि वरचा मुरूम-खडी यांच्यामध्ये अंथरलं की चिखल वर येत नाही, पाणी बाजूला निघतं आणि माती दबून बसेपर्यंतची सुरुवातीची वर्षं निभावतात. मग जाळं कुजलं तरी चालतं. मे २०२० मध्ये प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत सात राज्यांत मिळून १६७४ किलोमीटरवर हे जाळं वापरायचं ठरलं, त्यातले ३२८ किलोमीटर महाराष्ट्राचे. जाळ्याच्या पट्ट्या एकमेकींवर चढवा, खुंट्यांनी ताणून बसवा आणि पहिला खडीचा ट्रक जाळ्यावर चढू देऊ नका. टाकलेल्या खडीवरूनच पुढे सरका.

पायरी ९: पहिला पावसाळा

जुलैत एकदा आणि दिवाळीआधी एकदा रस्ता पायी चाला. गटारात पाणी उभं आहे का, मोरीच्या दोन्ही तोंडांशी थर खचला आहे का, कडेला लांब भेगा आल्यात का, हे बघा. कडेच्या भेगा बहुतेक वेळा शेजारच्या रानातली माती सुकून ओढल्याने येतात. त्या डांबराने किंवा चुना-राखेच्या पातळ राडीने लगेच बुजवा, म्हणजे पुढचं पाणी आत जाणार नाही. कुणी रस्ता कापलाच तर चर काळ्या मातीने भरू देऊ नका. त्याच मिश्रणाने थर देऊन भरा आणि तेवढा तुकडा सात दिवस ओला ठेवा, किंवा सरळ कमी सिमेंटचं काँक्रीट घाला. मिश्रणाचा तक्ता आणि टाकून ठेवलेल्या रिकाम्या पाइपांचा नकाशा ग्रामपंचायतीच्या दप्तरात लावून ठेवा. पाइपलाइनची परवानगी मागायला माणूस तिथेच येतो.